एका लँकेस्टर-सैनिकाची कैद कागदांतून जुळवताना: माझा अनुभव

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडचे, म्हणजे हवाईदलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, ९,८३८ जण युद्धकैदी झाले. त्यांच्यापैकी एकाचा माग काढला. १९४४च्या उन्हाळ्यात विमान पडलं तेव्हा तो सार्जंट होता, लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावरचा वायरलेस ऑपरेटर. सुरुवात छावण्यांच्या याद्यांपासून केली आणि तिथेच वेळ गेला. सुरुवात विमानापासून करावी.

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'एआयआर २७' या मालिकेत स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या आहेत. त्यातला फॉर्म ५४० म्हणजे महिन्याचा गोषवारा. आपल्याला हवा तो फॉर्म ५४१: विमानाचा क्रमांक, सातही जणांची नावं, उड्डाणाची वेळ. परतीच्या वेळेचा रकाना रिकामा आणि शेजारी 'परतलं नाही' एवढंच. मोहीम रात्रीची असल्यामुळे उड्डाण एका तारखेचं आणि विमान पडलं दुसऱ्या. पुढच्या प्रत्येक कागदावर दोन्ही तारखा तपासाव्या लागतात.

नाव सापडत नाही याचं नेहमीचं कारण हुद्दा. कैदेत असतानाही बढती मिळत राहायची, त्यामुळे पडताना सार्जंट असलेला माणूस पुढच्या यादीत फ्लाइट सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर दिसतो. कमिशन मिळालं, म्हणजे तो अधिकारी झाला असेल तर सेवा क्रमांकच बदलतो. म्हणून हुद्दा सोडून आडनाव, आद्याक्षरं आणि जन्मतारीख धरून शोधावं.

तिथलीच दुसरी मालिका 'डब्ल्यूओ ४१६' म्हणजे जर्मनांनी केलेली कैद्यांची कार्डं. नशीब असेल तर फोटो, बोटाचा ठसा, आईचं माहेरचं आडनाव, मागे लशी आणि बदल्या. कैदी क्रमांक मात्र जिथे पहिली नोंद झाली त्या छावणीचा असतो आणि तो पुढेही कायम राहतो. मी तो शेवटच्या छावणीचा धरून चाललो आणि चुकलो. बऱ्याच जणांची कार्डं उरलेलीच नाहीत.

सगळ्यांत मोलाचा कागद 'डब्ल्यूओ ३४४': सुटकेनंतर भरून घेतलेली प्रश्नावली. आडनावांप्रमाणे गठ्ठे लावलेले आहेत. कुठे, कधी पकडलं, कोणत्या छावण्या, आजार, पळून जाण्याचे प्रयत्न, चौकशी झाली का. चौकशीचा रकाना आधी वाचावा. फ्रँकफर्टजवळच्या ओबरउर्सेलला जर्मन विमानदलाचं चौकशी केंद्र होतं. तिथे एकट्याला कोठडीत डांबून रेडक्रॉसच्या नावाचा बनावट फॉर्म भरायला देत. त्यात स्क्वॉड्रनही विचारलेलं असे. नाव, हुद्दा, क्रमांक याखेरीज काही सांगणं बंधनकारक नव्हतं. पण दमलेल्या, हादरलेल्या मुलाला घरच्यांना कळवण्याचं आमिष दाखवलं की हात लेखणीकडे जाणारच. रकान्यात दोन शब्द लिहिलेले असले, तरी मागे हे सगळं आहे हे लक्षात ठेवावं.

पुढे त्याला बांकाउच्या श्टालाग लुफ्ट ७ या विमानदलाच्या कैद्यांच्या छावणीत नेलं. १९ जानेवारी १९४५च्या पहाटे अंधारात, बर्फात, सुमारे दीड हजार कैद्यांना पायी बाहेर काढलं. रशियन फौजा जवळ येत होत्या. साधारण २४० किलोमीटर चालून ते गोल्डबर्गला पोहोचले, तिथून रेल्वेच्या मालडब्यांतून लुकेनवाल्डच्या छावणीत, ८ फेब्रुवारीला. या वाटेवर माणसाची स्वतंत्र नोंद मिळत नाही. प्रश्नावलीत फक्त दोन छावण्यांची नावं, मधले तीन आठवडे कोरे. ते भरून काढायचे तर छावणीतल्या कैद्यांच्या प्रतिनिधीने आणि डॉक्टरने पोहोचताच लिहिलेला अहवाल वाचावा. त्यात दिवसागणिक अंतर आणि शिधा आहे. नकाशावर गावं शोधताना अडतं, कारण तो भाग आता पोलंडमध्ये आहे आणि नावं बदललीत: गोल्डबर्ग आता झ्वोतोरिया. जुना जर्मन नकाशा शेजारी ठेवूनच वाट आखली.

लुकेनवाल्डला रशियन २२ एप्रिलला पोहोचले, पण तिथल्या लोकांना घरी जायला मे उजाडला. त्या दिवसांत लँकेस्टर विमानंच कैदी परत आणत होती, विमानाच्या फरशीवर बसवून, एका खेपेला साधारण २४. म्हणून पुन्हा 'एआयआर २७' उघडली, मे १९४५चं पान. वैमानिकांची नावं आहेत, वेळा आहेत. आणलेल्यांचा फक्त आकडा.