लोखंडातली चाकोरी

फलाटावर गाडीची वाट बघताना मी रूळ बघतो. जुनी खोड आहे. दोन्ही बाजूंना तांबूस गंज आणि माथ्यावर लकाकणारा पट्टा. हा पट्टा क्वचितच बरोब्बर मधोमध असतो. कुठे आतल्या कडेला सरकलेला, कुठे उगाच फाकलेला.

माथा सुमारे 7 सेंटीमीटर रुंद. चाक टेकतं मात्र शर्टाच्या बटणाएवढ्या जागेवर, आणि तेवढ्यावर कित्येक टनांचा भार. कच्च्या रस्त्यावर बैलगाडीची धाव एकाच जागी फिरून चाकोरी पडते. इथे तर चाकोरी आयती पोलादाची करून दिलेली. पण चाक तिच्यातही स्वतःची वेगळी चाकोरी पाडतंच!

वळणावर याची खरी गंमत. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, आणि बाहेरच्या चाकाला अंतर जास्त. म्हणून चाकं किंचित निमुळती घडवतात; आस बाहेर सरकला की बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं. वळण फार आवळ असेल तर एवढ्याने भागत नाही. मग चाकाची कड बाहेरच्या रुळाची कूस घासत जाते आणि तिथला कोपरा रंधा मारल्यासारखा तासला जातो. आतला रूळ दबून चपटा होतो.

माझ्या रोजच्या मार्गावर एक सरळ तुकडा होता. तिथे गाडी शिरली की घूं असा सूर लागायचा आणि शेजारचे आवाज चढवून बोलायचे. रुळावर लाटा पडल्या होत्या. चाक आणि रूळ थरथरतात, त्या थरथरीत कुठे जास्त झिजतं, कुठे कमी. पुढचं चाक त्याच खळग्यात आपटून तो आणखी कोरतं. लाटांमधलं अंतर बहुधा 3 ते 8 सेंटीमीटर. 4 धरा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर, म्हणजे साडेपाचशे लाटा. पेटीवर ही जवळजवळ काळी एक. (घरी वाजवून बघितली. घरच्यांनी कारण विचारलं नाही, बरं झालं.)

या लाटा मोजायच्या कशा? साधी रीत म्हणजे माथ्यावर मीटरभराची सरळ पोलादी पट्टी ठेवायची आणि खालच्या फटीत पातळ पाती सरकवून बघायची. आता रुळावरून हळूहळू ढकलायची ढकलगाडी असते. तिचा काटा चढउतार टिपत जातो. माथ्याचा पूर्ण आकार धावत्या गाडीतून लेझरने घेतात. खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. गाडीभर माणसांना ओरडून बोलायला लावणारी लाट कित्येकदा केसाएवढीही खोल नसते!

मग एका रात्री सहाणेची गाडी, म्हणजे फिरत्या दगडांनी रुळाचा माथा घासून सपाट करणारी गाडी, येऊन गेली असावी. सकाळी सूर गायब. पुढच्या फलाटाशी वाकून पाहिलं, तर माथ्यावर दगडांच्या आडव्या चऱ्या, जुना पट्टा पुसलेला. आठवडाभरात त्या चऱ्यांमधून दोऱ्याएवढी एक चकाकी उमटली. मधोमध नव्हे, जरा आतल्या अंगाला.