ड्रॅग काट्यावर तोलताना

खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीसाठी रील बघायला लागलं की खोक्यावरचा एक आकडा सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो, तो म्हणजे कमाल ड्रॅग, म्हणजे लाइन सुटू देण्याआधी रीलचा ब्रेक जास्तीत जास्त किती ओढ धरतो ते. माझ्या स्पिनिंग रीलवर ११ किलो छापलेले होते. आता लाइन १५ किलोची ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली. ११ किलोवर मासा खेळवायचा म्हटलं तर गाठ, रॉड किंवा माशाचा जबडा, काहीतरी जाणारच. त्यामुळे त्या आकड्याचं मला फारसं कौतुक नव्हतं. नेहमीच्या सेटिंगला रील खरोखर किती ओढ धरतं आणि मासा पळत सुटल्यावर ती ओढ तेवढीच राहते का, हे मला हवं होतं. बोटाने लाइन ओढून ‘बरोबर वाटतंय’ म्हणणारे खूप आहेत. बोटाला दोन किलो आणि चार किलो यांतला फरक नीट कळत नाही.

तयारीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, ओढ मोजायचा ताणकाटा खरा आहे का ते बघणं. पाण्याचं वजन लिटरला एक किलो, म्हणून रिकाम्या बादलीचं वजन वजा धरून पाच लिटर पाणी टांगलं आणि काटा पाचाला येतो का ते पाहिलं. दुसरी, स्पूलवर, म्हणजे लाइनच्या चकरीवर, ब्रेडच्या खाली थोडी मोनो (एकसंध नायलॉनची) लाइन गुंडाळणं. ब्रेड गुळगुळीत असते. नुसती ब्रेड भरली तर ड्रॅग जागचा हलत नाही आणि अख्खी लाइनच स्पूलभोवती घसरते. मग काट्यावर जे दिसतं ते ड्रॅगचं माप नसतं. हातात मोजे घातले, डोळ्यांवर चष्मा चढवला. ताणलेली ब्रेड बोटाभोवती गुंडाळून ओढणाऱ्यांना मी हात जोडतो.

रॉडचा मुठीकडचा तुकडा टेबलाला क्लॅम्पने आवळला आणि लाइन रॉडवरच्या एकाही कड्यातून (गाइडमधून) न नेता सरळ काट्याला बांधली. काटा मित्राच्या हातात, मोबाइल काट्यासमोर व्हिडिओ चालू करून. “अरे, ओढू नकोस, नुसता मागे मागे चालत जा,” हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, कारण हिसका बसला की काटा भलतंच दाखवतो.

व्हिडिओ सावकाश करून पाहिल्यावर पहिली गंमत दिसली. लाइन सुटण्याआधी काटा ५.२ पर्यंत चढला, स्पूल ‘टक्’ करून फिरला आणि काटा ४ वर येऊन स्थिरावला. ड्रॅगमधल्या एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांना, म्हणजे वॉशरना, बसलेल्या जागेवरून हलवायला जास्त जोर लागतो, एकदा घसरायला लागले की कमी. हा वरचा १.२ किलोचा झटका पातळ लीडर (गळाजवळचा लाइनचा तुकडा) तोडायला पुरेसा आहे, कारण तो नेमका मासा पहिली धाव घेतो तेव्हा बसतो. ज्या रीलमध्ये हा फरक जेमतेम, ते माझ्या लेखी चांगलं रील, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. माझ्या रीलचा ड्रॅग कमी-जास्त करायचा नॉब बरेच दिवस आवळलेलाच पडून होता. स्पूल उघडला, कार्बनचे वॉशर पुसले, त्यांना ड्रॅगसाठीचं खास ग्रीस अगदी हलकं लावलं, पुन्हा क्रमाने बसवले. त्यानंतर सुरुवातीचा झटका ४.३ च्या आसपास आला. ग्रीसने कमाल ड्रॅग थोडा उतरतो, पण कमाल ड्रॅग मला वापरायचाच कुठे होता!

नॉबची चाल हीसुद्धा तपासण्यासारखी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या रीलवर ३ किलोवरून ६ किलोवर जायला जवळपास एक पूर्ण फेरा लागतो. मित्राच्या रीलवर तेवढंच अंतर दोन-तीन ‘टिक्’मध्ये संपलं. त्याचा कमाल आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे, पण मासा लागलेला असताना ओल्या बोटांनी एक टिक् जास्त फिरली की गेलाच किलोभर वर.

मग लाइन सोडत गेलो. ड्रॅग स्पूलला अडवतो तो एका ठरावीक फिरकीच्या जोराने. त्या जोराची ओढ किती होणार ते लाइनच्या थराचा व्यास ठरवतो. भरलेल्या स्पूलचा व्यास व्हर्नियरने ६० मिलिमीटर भरला. बरीचशी लाइन काढून तो ४० वर आणला. नॉबला हातही न लावता ओढ ४ वरून ५.९ वर गेली. हिशेबाने सहा यायला हवी, म्हणजे काटा आणि गणित दोघेही शुद्धीवर होते. सुरमईसारखा मासा एका दमात पुष्कळ लाइन नेतो, आणि तेवढ्यात अनेकांचा हात घाबरून नॉब आणखी आवळायला जातो. खरं तर तोवर ड्रॅग आपोआप दीडपट झालेला असतो. पाण्यात पसरलेल्या लाइनची स्वतःची ओढ वेगळीच.

आता पूर्ण रॉड लावला, लाइन सगळ्या गाइडमधून नेली आणि रॉड काटकोनाएवढा वाकेल असा धरला. स्पूल पुन्हा भरलेला, सेटिंग तेच ४ किलोचं. काट्यावर आले ४.७. प्रत्येक गाइडवर लाइन वळते, घासते, आणि त्या घर्षणाची भर ओढीत पडते. रॉड काट्याच्या दिशेने सरळ केला की आकडा परत खाली. मासा अचानक पळाला की रॉडचं टोक खाली करून त्याच्याकडे वळवा असं जुनेजाणते सांगतात, त्याचा हा काट्यावरचा पुरावा.

उष्णतेची परीक्षा चालत जाऊन होत नाही, वेग पुरत नाही. ड्रिल मशीनला दहा सेंटिमीटर व्यासाचा ड्रम लावला आणि त्यावर लाइन ओढून घेतली. चार किलोची ओढ म्हणजे साधारण ४० न्यूटन. मासा सेकंदाला पाच मीटर पळाला तर २०० वॉट उष्णता त्या नाण्याएवढ्या वॉशरमध्ये तयार होते. आमच्या ड्रिलचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी होता, तरी स्पूलचा नॉब हाताला कोमट लागला. लगेच काटा लावला तर कार्बनच्या वॉशरमध्ये फारसा फरक नव्हता. मित्राच्या जुन्या रीलमध्ये फेल्टचे वॉशर आहेत. तिथे ओढ अर्ध्या किलोने उतरली आणि काट्याची सुई थरथरायला लागली. थंड झाल्यावर ते रील पुन्हा ठिकाणावर आलं.

पूर्ण आवळून एकदा पाहिलंच. छापलेल्या आकड्याच्या जवळ रील गेलं, पण ९ किलोच्या पुढे रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून लाइन गुंडाळणारा भाग, एका अंगाला झुकलेला डोळ्यांनी दिसत होता. तिथे थांबलो.

शेवटी लाइनलाच काट्यावर चढवलं, नेहमीच्या गाठीसकट. १५ किलोची लाइन १२ किलोला तुटली, अर्थात गाठीत. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव हिस्सा ठेवायचा हा माझा हिशेब, त्यामुळे तो आता १२ वरून निघतो: भरलेल्या स्पूलवर, सरळ ओढीत, चालत्या लाइनला ३ किलो. स्पूल ४० मिलिमीटरवर आला की त्याचे ४.५, वाकलेल्या रॉडमुळे सव्वापाचच्या आसपास. पाण्यातल्या लाइनची ओढ धरूनही १२ पर्यंत बरीच जागा उरते. लागताक्षणी खडकाच्या कपारीत घुसणाऱ्या हेकरूसाठी मात्र हे सेटिंग चालत नाही. त्याला पहिल्या दोन मीटरांतच अडवावं लागतं, म्हणून तिथे जाड लाइन आणि ६ किलो.

दोन्ही जागांवर नॉबवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले आहेत. वॉशर उघडले की ठिपके निकामी होतात, तेव्हा परत काटा लावायचा. रील धुताना नॉब आवळून घेतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि सुकलं की पूर्ण सैल करून ठेवतो. मित्राला हे पटलंय, पण त्याच्या रीलचा नॉब अजून आवळलेलाच असतो.