चौथ्या नंबरवरच चालणारा ब्लोअर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमची बाराटायरी गाडी साखर भरून कराडहून न्हावाशेव्याला निघाली होती आणि खंबाटकी ओलांडून शिरवळला पोहोचल्यावर ड्रायव्हरमामांचा फोन आला. “मालक, एसीचं वारं फक्त चार नंबरवर येतंय, बाकीचे तिन्ही नंबर मेलेत.” त्या एका वाक्यात रोगाचे अर्धे निदान होते, हे मला नंतर कळले. त्या वेळी मी एवढेच म्हणालो, “मामा, वाटेत एखाद्या एसीवाल्याला दाखवून घ्या.”

त्या एसीवाल्याने गॅस कमी असल्याचे सांगून गॅस भरला, पैसे घेतले आणि गाडी होती तशीच पुढे गेली. वास्तविक येथे गॅसचा संबंध असण्याचे काहीच कारण नव्हते. गॅस कमी झाला तर वारा भरपूर येतो, पण तो थंड नसतो. ब्लोअर, म्हणजे केबिनमध्ये वारा फेकणारा पंखा, बिघडला तर जो थोडाफार वारा येतो तो थंड असतो, आणि कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड पाइपवर उन्हाळ्यातही दव जमलेले दिसते. परतीच्या फेरीत दुसऱ्या एका दुकानात ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे त्याचा वेग नंबरप्रमाणे कमी करणारा भाग, बदलला गेला आणि चारही नंबर सुरू झाले. (गॅरेजमध्ये याला सरसकट ‘रजिस्टर’ म्हणतात, दुकानात सुटा भाग मागताना तोच उच्चार केला तर माल लवकर मिळतो.) अकरा दिवसांनी तो नवा रेझिस्टरही जळला. या वेळी मामांनी तो पुन्हा बदलून न घेता गाडी थेट आमच्या दारात आणून उभी केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला असला तरी गेली कित्येक वर्षे माझा हात वायरपेक्षा बिल्टी (मालासोबतची पावती) आणि डिझेलच्या हिशेबावरच जास्त चालतो. तरीही, नवा भाग अकरा दिवसांत जळतो म्हणजे दोष त्या भागाचा नाही, त्याला जाळणारे काहीतरी दुसरेच आहे, एवढी शंका यायला डिप्लोमाही लागत नाही.

प्रथम रचना सांगतो, कारण ती डोक्यात नसेल तर मीटर हातात असून उपयोग नाही. आमच्या गाडीत २४ व्होल्टची यंत्रणा आहे. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूज आणि रिलेमधून थेट ब्लोअरच्या मोटरला जातो. मोटरमधून बाहेर पडल्यावर तो रेझिस्टरच्या गुंडाळ्यांमधून डॅशबोर्डवरच्या स्विचकडे येतो आणि तेथून बॉडी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या गाडीच्या सांगाड्याला, मिळतो. पहिल्या नंबरवर सर्व गुंडाळ्या वाटेत येतात, दुसऱ्यावर थोड्या कमी, तिसऱ्यावर एकच. चौथ्या नंबरवर मात्र प्रवाह गुंडाळ्या टाळून सरळ स्विचला जातो. या गुंडाळ्यांच्या मुळाशी एक थर्मल फ्यूज असतो, जो रेझिस्टर प्रमाणाबाहेर तापला की कायमचा तुटतो. तो तुटला की पहिले तीन नंबर एकदम जातात आणि चौथा तेवढा शिल्लक राहतो. मामांच्या त्या वाक्यात होते ते निदान हेच.

डाव्या बाजूच्या कप्प्यामागचे आवरण काढल्यावर प्रथम वास आला, बेकलाइट करपल्यासारखा. रेझिस्टरचा कपलर, म्हणजे त्याच्या तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड, मुळात पांढरा असतो. आमचा एका कोपऱ्यात खारकेसारखा तपकिरी झाला होता आणि त्या कोपऱ्यातली चौथ्या नंबरची पिन वितळलेल्या प्लास्टिकमध्ये तिरकी रुतून बसली होती. कपलर ओढून काढताना तिच्यावरची टोपी निळसर-काळी पडलेली दिसली. तांबे-पितळेचा असा रंग दिसला की त्या सांध्यात बरेच दिवस उष्णता मुरलेली आहे, हे समजावे.

आता मोजमाप. येथे मीटरने फसवले जाण्याची एक ठरलेली जागा आहे. गंजलेल्या किंवा जेमतेम टेकलेल्या सांध्यातूनही, पुढे भार नसेल तर, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटरला स्वतःला जवळजवळ काहीच प्रवाह लागत नाही. म्हणून कपलर काढून नव्हे, तर सर्व जोडलेले ठेवून, इंजिन सुरू करून आणि ब्लोअर चौथ्या नंबरवर चालू ठेवून मोजायचे, आणि व्होल्टेज ‘आहे का’ यापेक्षा ते ‘कुठे हरवते’ हे शोधायचे. बॅटरीवर २७.४ व्होल्ट होते आणि मोटरच्या दोन टोकांमध्ये २४.३. म्हणजे ३.१ व्होल्ट वाटेत खर्ची पडत होते. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी मोटरच्या धन टोकाला लावली तेव्हा ०.८ व्होल्ट आले. मोटरच्या दुसऱ्या टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले तेव्हा २.३. म्हणजे व्होल्टेजची मोठी घट अर्थच्या बाजूला होती आणि त्यातला बहुतेक भाग त्या तिरक्या पिनवरच होता.

त्यानंतर प्रवाह. घरचे वायरिंग करणाऱ्या शेजाऱ्याकडून मी टाँग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर) मागून आणला आणि तो शून्य दाखवत असल्याने पाच मिनिटे स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला. साधा टाँग टेस्टर फक्त एसी प्रवाह मोजतो. गाडीसाठी डीसी मोजणारा लागतो, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नाही. योग्य टेस्टर मिळाल्यावर चौथ्या नंबरवर १३.२ अँपिअर दिसले. २.३ व्होल्ट गुणिले १३.२ अँपिअर म्हणजे साधारण ३० वॅट. सोल्डरिंग करायची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तेवढी उष्णता एका बोटभर कपलरमध्ये तासन्‌तास कोंडली तर प्लास्टिक वितळणारच.

पण मोटर इतका प्रवाह का ओढत होती? फ्यूज २० अँपिअरचा असल्यामुळे तो उडत नव्हता आणि म्हणून कोणाच्या लक्षातही येत नव्हते. मोटर उतरवली. तीन स्क्रू आणि एक कपलर एवढेच काम, मात्र त्याआधी बॅटरीचा कट-ऑफ बंद करावा. पिंजऱ्यासारखा तो पंखा हातात आला तेव्हा पात्यांच्या मधल्या फटी करड्या-पिवळ्या लगद्याने भरलेल्या होत्या आणि एका बाजूला दोन-तीन पात्यांत वाळक्या पाचटाचा वीतभर तुकडा अडकून बसला होता. हंगामात ही गाडी कारखान्याच्या आवारात रात्र-रात्र उभी असते, आणि तेथे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा हवेतच तरंगत असतो. पंखा एका बाजूने जड झाला, त्याच्या हादऱ्याने मोटरच्या शाफ्टला आधार देणारा बुश झिजला, शाफ्ट कोरडा पडला आणि हाताने फिरवल्यावर अर्ध्या फेरीतच अडून राहू लागला. फिरत्या भागाला प्रवाह पोहोचवणारे कार्बन ब्रश जेमतेम चार मिलिमीटर उरले होते. गेल्या महिन्यात गचका बसला की ब्लोअर थांबतो आणि खालून एक चापट मारली की सुरू होतो, असे मामा म्हणत होते, त्याचे कारणही हेच.

त्या चापटीने आणखी एक गोष्ट उलगडली. कधी कधी क्लीनरच्या पायावर पाणी सांडायचे. आमच्या गाडीत ब्लोअरचा स्विच चालू असल्याशिवाय कॉम्प्रेसरचा क्लच ओढला जात नाही. पण स्विच चालू असून मोटरच थांबली, तर ते क्लचला कळण्याची सोय नाही. मग कूलिंग कॉइलवर वारा नसल्यामुळे बर्फ धरतो आणि नंतर तो वितळून, भुशाने निम्मा बुजलेल्या निचऱ्याच्या नळीतून न जाता, आत सांडतो.

काचेखालच्या जाळीमागचा केबिन फिल्टर काढला तो तर घोंगडीचा तुकडाच वाटावा असा होता. येथे एक समज दुरुस्त करावासा वाटतो. फिल्टर तुंबला की मोटरवर भार येतो आणि ती जळते, असे सर्रास सांगितले जाते. अशा पिंजरा-पंख्याच्या बाबतीत घडते ते उलट: हवाच कमी ओढली गेली की पंख्याचे काम कमी होते आणि मोटर प्रवाह कमी घेते. व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडावर हात ठेवल्यावर त्याचा आवाज चढतो, तोच हा प्रकार. तुंबलेला फिल्टर मारतो तो रेझिस्टरला, कारण रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्याच्या झोतात बसवलेला असतो आणि तो झोत हेच त्याला थंड ठेवण्याचे एकमेव साधन असते.

म्हणजे आमच्या रेझिस्टरवर दोन्हीकडून संकट होते: जड मोटरचा जास्तीचा प्रवाह आणि तुंबलेल्या फिल्टरमुळे कमी झालेला वारा. खात्री करण्यासाठी मी नवा रेझिस्टर लावून जुनी मोटर दुसऱ्या नंबरवर एकच मिनिट चालवली, तेव्हा ५ अँपिअर आले. नव्या मोटरने त्याच नंबरवर ३.५ घेतले. फरक किरकोळ वाटतो, परंतु रेझिस्टरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. चार ओहमच्या गुंडाळीत ३.५ अँपिअरला ४९ वॅट होतात आणि ५ अँपिअरला १००. रेझिस्टर अकरा दिवस टिकला हेच नवल.

बुशमध्ये तेल सोडून मोटर आणखी पंधरा दिवस ओढता आली असती. तसा सल्लाही मिळाला, आणि ‘डायरेक्ट करून टाका, चार नंबरवर चालू द्या’ असाही. चार नंबरच्या गोंगाटात रात्रभर गाडी चालवणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय हा सल्ला कोणी देऊ नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन२ आणि एन३ वर्गांतल्या ट्रकांना, म्हणजे साडेतीन टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना, एसी केबिन सक्तीची झाली आहे. आमची गाडी त्याआधीची, पण ड्रायव्हरला लागणारे ऊन तेच.

शेवटी मोटर, रेझिस्टर आणि कपलर तिन्ही नवे घातले. कपलरच्या तारा पिळून वर टेप न गुंडाळता पक्कडीने लग दाबून जोडल्या, अर्थच्या बोल्टाखालचा रंग कानशीने घासून लखलखीत धातू उघडा केला, पाण्याची नळी तारेने मोकळी केली. सगळे बसवल्यावर ब्लोअर चालला, चारही नंबर आले आणि तरीही वारा मरगळलेलाच होता. अर्धा तास डोके खाजवल्यावर लक्षात आले की नव्या कपलरमध्ये मोटरच्या दोन तारा मी उलट लावल्या होत्या. पिंजरा-पंखा उलटा फिरला तरी वारा त्याच दिशेने टाकतो, फक्त कमी टाकतो, त्यामुळे चूक पटकन दिसत नाही. तारा अदलाबदल केल्यावर समोरच्या जाळीतून आलेल्या झोताने डॅशबोर्डवरची बिल्टी उडून मागच्या बर्थवर गेली.

पुन्हा मोजले: बॅटरीवर २७.७, मोटरवर २७, धन बाजूची घट ०.४, अर्थची ०.३, आणि चौथ्या नंबरवर ८.६ अँपिअर. हे आकडे तारखेसह पेन्सिलने फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत. जुलैमध्ये पुन्हा टेस्टर लावला तेव्हा ८.७ होते. मामा दर रविवारी फिल्टर काढून टायरवर आपटतात. हंगाम सुरू झाला की ते काम दर दोन दिवसांनी करावे लागेल, असे त्यांनीच मला सांगितले.