टन कशाचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस वर्षांचा वीजनिर्मिती आराखडा संचालक मंडळापुढे जायचा होता. संध्याकाळी शेवटची नजर टाकावी म्हणून तक्ते चाळत बसले होते, तर कोळशाच्या नव्या सुपरक्रिटिकल (जास्त दाबाच्या आणि तापमानाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचाच्या ओळीपाशी थबकले. कार्बन कर, दर मेगावॉट-तासाला 8.7 डॉलर.

असा संच मेगावॉट-तासाला साधारण 0.8 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. आम्ही धरलेला कर टनाला 40 डॉलर. म्हणजे तिथे 32 हवे होते. 32 ला 8.7 नं भागलं, उत्तर 3.67 च्या आसपास आलं आणि पोटात गोळा उठला.

कार्बनचा अणुभार 12, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44. एक टन कार्बन जळला की 3.67 टन वायू होतो. कर कुणी कार्बनच्या टनावर सांगतं, कुणी वायूच्या. आमच्या तक्त्यात नुसतं ‘डॉलर प्रतिटन’ होतं. माहिती भरणाऱ्या सहकाऱ्यानं तो कार्बनचा टन समजून 40 ला 3.67 नं भागलं, आणि आराखड्याचा हिशोब करणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये गेले 10.9. त्या तक्त्यावर तपासणीची सही माझी होती.

साहेबांना फोन केला. “रन परत लावा, मी येतोय,” एवढंच म्हणाले.

दुरुस्त आकड्यानं मॉडेल पुन्हा चालवलं, निकाल यायला रात्रीचे अकरा वाजले. आमच्या हिशोबात जुन्या कोळसा संचाचं इंधन मेगावॉट-तासाला 30 डॉलर, गॅसचं 50. कोळशाचे 0.95 टन आणि गॅसचे 0.37 टन धरून 40 चा कर लावला, की 68 आणि 65 होतात. मेरिट ऑर्डर, म्हणजे स्वस्त वीज आधी घेण्याचा क्रम, उलटली. पण ती काय, कर बदलला की पुन्हा बदलेल. नवा कोळसा संच एकदा उभा केला की चाळीस वर्षं हलत नाही, आणि दुरुस्त रनमध्ये तो संच आराखड्यातून पार निघून गेला होता. त्याच्या जागी पवन, सौर, बॅटरी आणि संध्याकाळच्या मागणीपुरता थोडा गॅस.

साहेबांनी विचारलं, “आणि कर रद्दच झाला तर?” रास्त प्रश्न. ऑस्ट्रेलियानं जुलै 2012 मध्ये कार्बनला किंमत लावली आणि दोन वर्षांत मागे घेतली. ब्रिटननं 2013 मध्ये किमान किंमत ठरवली, ती मात्र टिकली, आणि तिथलं शेवटचं कोळसा केंद्र सप्टेंबर 2024 अखेर बंद झालं. म्हणून आम्ही 0, 40 आणि 80 असे तीन रन लावले. शून्यावर कोळसा परत आला, बाकी दोन्हींत नाही.

मग एकेक चूक तोलून पाहिली. संच बांधला नाही आणि करही आला नाही, तर वीज थोडी महाग पडते. संच बांधला आणि कर आला, तर ग्राहक तो बोजा दशकानुदशकं वाहतो. शिवाय पवन-सौर दरवर्षी थोडं थोडं वाढवता येतं, चुकलं तर थांबता येतं. माझ्या लेखी सगळ्या आराखड्यात याहून मोठा मुद्दा नव्हता. जुन्या संचापेक्षा नवा कोळसा संच स्वच्छ, हे खरंच आहे, पण 0.95 वरून 0.8 एवढाच.

सकाळी मंडळापुढे आधी चुकीचं पान ठेवलं, मग दुरुस्त केलेलं. नव्या संचाचा निर्णय पुढच्या आढाव्यापर्यंत थांबला. सहकारी दिवसभर गप्प होता. दुपारी आम्ही दोघांनी मिळून त्या रकान्याचं शीर्षक बदललं: ‘डॉलर, कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक टनाला’.