चिपमध्येच आरएफआयडी : सूट-अर्जातून पार पडण्याचा माझा अनुभव

जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या चिपांवरचा छापील मजकूर घासून काढायचा, नवा छापायचा आणि त्या नव्या म्हणून विकायच्या, हा उद्योग इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात वर्षानुवर्षे चालू आहे. आमच्या सेन्सर-चिपचा माग छापील मजकुरावर अवलंबून राहू नये, म्हणून आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींनी वाचली जाणारी ओळखखूण, सिलिकॉनमध्येच उतरवायचे आम्ही ठरवले. या दिशेने मोठे प्रयत्न पूर्वीच झाले आहेत. हिताचीची ०.४ मिलिमीटर बाजूची म्यू-चिप २००५ साली जपानमधील आइचीच्या जागतिक प्रदर्शनाच्या तिकिटांत होती, तर अमेरिकेच्या दार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने २०१४ मध्ये चिपच्या पॅकेजात बसवता येईल अशा १०० मायक्रॉन बाजूच्या तुकड्याचा ‘शील्ड’ प्रकल्प हाती घेतला होता.

लहरींतून वीज मिळवणारा रेक्टिफायर, उत्तर पाठवणारा मॉड्युलेटर आणि ९६ बिटांचा ओळखक्रमांक यांचे काम सुरळीत झाले. भारतात आरएफआयडीसाठी खुल्या असलेल्या ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते, त्यामुळे काही मिलिमीटरच्या चिपवर खराखुरा अँटेना मावत नाही. म्हणून सर्वांत वरच्या, जाड धातूच्या थरात चिपच्या कडेने वेटोळे काढायचे आणि रीडरचे, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राचे, टोक अगदी जवळ आणून चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा घ्यायची, असे आम्ही ठरवले.

अडले ते इथेच. वेफरचे, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिपा बनतात तिचे, पॉलिशिंग सपाट व्हावे म्हणून प्रत्येक थराच्या प्रत्येक चौकटीत धातूचे किमान प्रमाण असलेच पाहिजे, असा फाउंड्रीचा (चिपा बनवून देणाऱ्या कारखान्याचा) नियम असतो, आणि रिकामी जागा डमी फिलच्या, म्हणजे केवळ जागा भरणाऱ्या धातूच्या, चौकोनांनी आपोआप भरली जाते. आमच्या वेटोळ्याचा मधला भाग मुद्दाम रिकामा ठेवलेला होता, कारण तिथे भरलेल्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि मुळात तुटपुंजी असलेली ऊर्जा तिथेच खर्ची पडते. त्यामुळे नियमातून सूट मागणे भाग होते. त्या अर्जात नियमाचा क्रमांक, थर आणि जागेचे निर्देशांक हे रास्तच होते; पण एक रकाना ‘याच प्रक्रियेवरील पूर्वीच्या सिलिकॉनचा पुरावा’ असा होता आणि तो सक्तीचा होता. जी रचना पहिल्यांदाच सिलिकॉनवर उतरणार, तिचा पुरावा आम्ही कोठून आणायचा? आम्ही कारण लिहून पाठवावे आणि ‘रकाना अपूर्ण आहे’ एवढ्याच शेऱ्यानिशी अर्ज परत यावा, असे पुनःपुन्हा घडत राहिले. अर्जाखालचा तांत्रिक मजकूर कोणी वाचला असेल, असे एकाही उत्तरावरून वाटले नाही. इकडे शटलची, म्हणजे अनेकांच्या चिपा एकाच वेफरवर एकत्र बनवण्याच्या फेरीची, मुदत जवळ येत होती, आणि ती चुकली असती तर पुढच्या शटलपर्यंत सगळे काम पडून राहिले असते. त्या आठवड्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

शेवटी आम्ही अर्जाचे स्वरूपच बदलले. खालच्या थरांत आमचे स्वतःचे फिल बसवले: अगदी लहान, एकमेकांना न चिकटलेले आणि वेटोळ्याच्या पट्ट्यांपासून दूर ठेवलेले तुकडे. त्यामुळे तिथे नियम पाळला गेला आणि सूट फक्त वरच्या थरापुरती उरली. पुराव्याच्या रकान्यात फिल असताना आणि नसताना केलेल्या विद्युतचुंबकीय सिम्युलेशनचे आलेख जोडले आणि प्रक्रिया-अभियंत्याशी थेट बोलण्याची लेखी मागणी केली. त्या बाईंनी आराखडा समोर उघडून पाहिला, दोन नेमके प्रश्न विचारले आणि मंजुरी दिली. असे काम करणाऱ्याने शटलमधली जागा राखण्याआधीच हे संभाषण मागून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

चिपभोवती संरक्षणासाठी असलेली सील रिंग हीसुद्धा धातूची बंद कडीच असते, म्हणून तिच्यातही भोवरी प्रवाह निर्माण होतात. ती तोडण्याची परवानगी मागत बसू नये. वेटोळे तिच्यापासून आत सरकवावे आणि सिम्युलेशनमध्ये तिला न चुकता धरावे. आणखी एक गोष्ट: ओळखक्रमांक वेफर-चाचणीच्या वेळीच लिहून कुलूपबंद करावा, म्हणजे पॅकेजिंगपासूनचा सगळा प्रवास नोंदला जातो.

पॅकेजात बसलेल्या, कुठेही वीज न जोडलेल्या आमच्या चिपवर रीडरचे टोक टेकवताच पडद्यावर तिचा क्रमांक उमटला, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. मात्र पॅकेज निवडताना चिपवरचे आवरण पातळ असेल आणि त्यावर धातूचे झाकण नसेल, हे पाहावे. टोक जरासे उचलले तरी वाचन थांबते.