तुकोबाचा चेहरा सांग

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंना मधलं दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला की असं होतं. डॉक्टर त्याला मॅक्युलाचा आजार म्हणतात. कडेकडेचं दिसतं. दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखायचं. ताटाची कड दिसते, पण वाटीत आमटी आहे की कढी ते वासावरून. टीव्हीवर माणसं हलताना कळतात, तोंडं कळत नाहीत. "माणसं आहेत गं, चेहरे गेले," असं त्या म्हणतात.

मी शाळेत चित्रकला शिकवते. चेहरा बघणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे काकूंनी 'संत तुकाराम' हा जुना सिनेमा बघायची इच्छा बोलून दाखवली तेव्हा शेजारी बसून सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

काकू बेने इस्रायली आहेत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. ठाण्यात टेंभी नाक्याच्या परिसरात वाढलेल्यांना याचं नवल वाटत नाही. १८७९ सालचं शार हाशामाईम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. ठाण्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून पूर्वज कोकणात उतरले, अशी या समाजाची आठवण आहे. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून पडली, पेणकर, रोहेकर अशी. घरातली भाषा मराठी. काकूंची मराठी तर माझ्यापेक्षा जुनी आणि चांगली आहे.

मला आधी ठाऊक नव्हतं ते असं की या समाजात मराठी कीर्तनंही होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती रचली जाऊ लागली. आख्यान बायबलमधल्या मोशेचं किंवा योसेफाचं, आणि मांडणी आपल्या हरिकीर्तनासारखी. काकूंच्या वडिलांना अशी कितीतरी पदं पाठ होती. त्यातल्या ओळी काकूंना अजून येतात, साकीच्या चालीत, मधेच श्वास घेऊन. त्या गाऊ लागल्या की मला माझ्या आजोळच्या देवळातला माघातला सप्ताह आठवतो. नावं वेगळी, टाळ तोच.

सिनेमा आम्ही रविवारी दुपारी लावला. शनिवारी काकू टीव्हीला हात लावत नाहीत. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले, कारण त्या बाजूचा कान चांगला आहे.

सिनेमा सुरू होतो तो तुकोबांच्या गाण्यानेच. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस बसलेत, गातायत, आणि कॅमेरा फारसा हलतही नाही. मी सांगायला सुरुवात केली: समोर विठोबाची मूर्ती आहे, गळ्यात हार आहे. काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मूर्ती नको सांगूस. आमच्यात मूर्ती नसते, मला ती समजायची नाही. तुकोबाचा चेहरा सांग."

हे वाक्य माझ्यातून अजून गेलेलं नाही.

मी चेहरा सांगायला लागले. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. भुवया सैल. कपाळावर आठी नाही. ओठ शब्द संपल्यावरही थोडे उघडेच राहतात, पुढचा शब्द आपणहून येईल तेवढी वाट बघतात. मान किंचित एका बाजूला. काकू ऐकत होत्या आणि गाणंही ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे मागत नाहीये काही." मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. खरंच, त्या चेहऱ्यावर मागणं नाही. हा सिनेमा मी लहानपणापासून बघत आले, दूरदर्शनवर, आषाढीला, कुणाकुणाच्या घरी. पण त्या चेहऱ्यावर काय नाही, ते मला ज्यांना चेहरे दिसत नाहीत त्या काकूंनी दाखवलं.

मग सालोमालो येतो. देवळातला बुवा, तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून खपवणारा. मी त्याचे कपडे सांगणार इतक्यात काकूंनीच ओळखलं. शब्द तेच, पण त्याच्या गाण्यात नाटकातल्या ताना आहेत, लोकांनी मान डोलवावी म्हणून घेतलेल्या. "हा देवाला ऐकवत नाहीये," काकू म्हणाल्या. केशवराव भोळ्यांचं संगीत किती विचाराचं आहे ते मला तेव्हा उमगलं. डोळे बंद ठेवले तरी भक्त कोणता आणि ढोंगी कोणता ते कानाला कळतं.

सगळ्यात अवघड काम जिजाईचं. गौरी या नटीने तिला उभं केलंय, आणि माझ्या मते मराठी पडद्यावर इतकी खरी बाई फार क्वचित आली. तिचा चेहरा एका जागी राहतच नाही. नवऱ्यावर ओरडते तेव्हा नाकपुड्या फुगतात, तोंड वाकडं होतं, आणि ओरडून होतं न होतं तोच डोळ्यांत त्याची काळजी दिसते. मी एक सांगेपर्यंत दुसरं येतं. मी धापा टाकत सांगत होते. मूल आजारी पडतं आणि जिजाई देवळात शिरून विठोबावर चप्पल उगारते, तिथे तर मी सांगायचं विसरून नुसती बघत राहिले. काकूंनी हलवलं.

"काय झालं? गप्प का झालीस?"

"चप्पल उगारलीय, काकू. देवावर."

काकू पाठ सरळ करून बसल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते सगळं इथे लिहिणार नाही, त्यांच्या घरातलं आहे. एवढंच, की त्यांचं मधलं मूल तापाने गेलं तेव्हा त्यांनीही एलियाहू हन्नाबीशी, म्हणजे त्यांच्या समाजात ज्याला नवस बोलतात त्या प्रेषित एलियाशी, भांडण मांडलं होतं. त्याच्या नावाने मांडायचा मलिद्याचा प्रसाद करायचा बंद केला होता. पोहे, खोबरं, गूळ, वेलची, सगळं घरात असूनही ताट मांडलं नाही. कितीतरी दिवस. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर पाप वाटेल म्हणून. "ही बाई उघड भांडली," त्या म्हणाल्या, "आणि लोकांनी तिचा सिनेमा काढला."

सिनेमा थांबवून मी चहा ठेवला. स्वयंपाकघरात उभी असताना माझ्या लक्षात आलं की माझ्या देव्हाऱ्यासमोर मी रोज दिवा लावते, पण देवाशी असं बोलणं माझ्याकडून कधी झालेलं नाही, प्रेमाने नाही की रागाने नाही. काकूंच्या शेजारी बसून दुसऱ्या एका बाईचा राग शब्दांत सांगताना ते पहिल्यांदा जवळ आलं. मी याला प्रार्थना म्हणते. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

चहा पिताना काकूंनी विचारलं, सिनेमा काढला कोणी. प्रभात, १९३६, पुण्यात, मी सांगितलं. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तोच तो स्टुडिओ. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकलेले, एक आवाजाचा जाणकार, दुसरा चित्रकार, आणि फत्तेलालना सगळे साहेबमामा म्हणायचे. काकूंनी नाव पुन्हा म्हणून घेतलं. "शेख? आणि तुकोबा त्यांनी काढला?" हो काकू, देहूचं ते घर, ते देऊळ, त्या भिंती उभारण्यात त्यांची नजर आहे. काकू नुसत्या मान हलवत राहिल्या, खूश होऊन.

'आधी बीज एकले' लागलं तेव्हा त्या सोबत गुणगुणल्या. हा तुकोबांचा अभंग नव्हे, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे. जाणकारही तो गाथेतलाच समजले, इतका तो तुकोबांच्या बोलीत उतरलाय. काकूंना हे सांगितलं तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या वडिलांच्या कीर्तनातली पदंही कुणीतरी अलीकडच्या माणसाने तुकोबा-ज्ञानोबांच्या वळणावर घडवलेली होती. त्या वळणावर मोशेही नीट चालला.

शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात. हा भाग मी भराभर सांगितला. गरुडाची ती कसरत मला कधीच फार भिडली नाही, आणि काकूंनाही खाली राहिलेल्या जिजाईचीच चिंता होती. तिचा चेहरा दोनदा सांगायला लावला.

त्या रात्री इस्रायलमधल्या अश्दोदहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. नात तिथेच जन्मली, तिची हिब्रू, आजीची मराठी, मधे इंग्रजीचे चार तुकडे. एरवी जेवलीस का, औषध घेतलंस का, इतक्यात फोन संपतो. त्या दिवशी मी अजून तिथेच होते, कपबश्या विसळत. काकूंनी नातीला जिजाई सांगायला घेतली. शब्द अडले तिथे नाकपुड्या फुगवल्या, तोंड वाकडं केलं. मी सांगितलेला चेहरा त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर जसाच्या तसा चढवला होता. मग वाकून पायातली चप्पल काढली आणि मोबाईलसमोर उगारली. नात आधी घाबरली, मग हसायला लागली, मग विचारायला लागली, देवाने काय केलं पुढे?

काकूंनी मान माझ्याकडे वळवली. "ये गं इकडे. तू पडद्यावर बघितलंयस, तू सांग तिला."