मिल्तियादिसच्या मागावर: मॅरेथॉन, ऑलिंपिया, पारोस

“मॅरेथॉनला सगळं जवळजवळ आहे, अर्ध्या दिवसात उरकतं,” असं अथेन्समध्ये जो भेटला त्यानं सांगितलं. साफ खोटं. इ.स.पू. ४९० मध्ये इथे पर्शियन सैन्याशी झालेल्या लढाईत पडलेल्या १९२ अथेनियन सैनिकांच्या समाधीचा मातीचा उंचवटा एका टोकाला, तर संग्रहालय काही किलोमीटर आत, व्राना गावाकडे. मधल्या डांबरी रस्त्याला सावली नाही, चालायला कड नाही, गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. चढ असता तर परवडला असता. जुलैच्या दुपारी हा टप्पा पायी करू नका. टॅक्सीवाल्यानं मीटर न टाकता एवढ्याशा अंतराचे जे पैसे घेतले, तेवढ्यात अथेन्सहून बसनं येऊन परतही गेलो असतो. मीटर सुरू झाल्याशिवाय दार लावू नका.

उंचवट्यापाशी मात्र घाई नको. लढावं की थांबावं यावर अथेन्सच्या दहा सेनापतींची मतं निम्मी निम्मी पडली होती. त्यांच्यातल्याच मिल्तियादिसनं पोलेमार्क, म्हणजे युद्धाचा अधिकारी, कॅलिमाकसला गळ घातली आणि त्याच्या एका मतानं लढाई ठरली.

ऑलिंपिया सोपं आहे, बसनं जा. मिल्तियादिसनं झ्यूसला वाहिलेलं काशाचं शिरस्त्राण तिथल्या संग्रहालयात आहे, कडेला त्याचं नाव कोरलेलं. झिजलेलं, हिरवट, आणि सगळ्या प्रवासात याच्याइतकं भारी काही नाही! गर्दी दुसऱ्या दालनांत असते. इथे हवा तेवढा वेळ उभं राहता येतं.

पारोस बेट वगळू नका. विजयानंतर वर्षभरातच मिल्तियादिसनं अथेन्सकडे ७० जहाजं मागितली, कुठे नेणार ते न सांगता. लोकांनी दिली. ती घेऊन तो पारोसवर गेला आणि १०० टॅलेंट (चांदीच्या वजनात मोजलेली मोठी रक्कम) मागितले. पारोसकरांनी रातोरात तट उंचावला. २६ दिवसांच्या वेढ्यातून काहीच निघालं नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, डिमीटरच्या देवळाच्या कुंपणावरून उडी मारताना त्याची मांडी दुखावली. या अपयशावरून अथेन्समध्ये त्याच्यावर खटला झाला तेव्हा ती सडत होती. तो आडवा पडून होता, बोलले मित्र. पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या पेरिक्लीसचा बाप झँथिपस यानं देहदंड मागितला. शिक्षा झाली ५० टॅलेंट दंडाची. दंड भरण्याआधीच तो गेला. दंड त्याच्या मुलानं, किमोननं, फेडला. ज्या लोकांना त्यानं वाचवलं, त्यांनीच हे केलं. मला अजून राग येतो.

पारिकिया बंदरात त्याच्या नावाची पाटी शोधू नका. मध्ययुगीन किल्ल्याच्या भिंतीत जुन्या देवळांचे संगमरवरी तुकडे बसवलेत, ते पाहा. ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा सुटला की बोटी रखडतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.